प्लेट निवडण्याआधी: कुत्र्या-मांजरांच्या फ्रॅक्चर शस्त्रक्रियेत नव्याने येणाऱ्यांसाठी

कुत्र्या-मांजरांच्या हाडांच्या शस्त्रक्रियेकडे वळू पाहणारे तरुण पशुवैद्य भेटले की पहिला प्रश्न बहुधा एकच असतो: ‘या फ्रॅक्चरला कुठली प्लेट लावायची?’ समोर एक्स-रे असतो, हाडाचे दोन तुकडे लख्ख दिसत असतात आणि नजर तिथेच खिळलेली असते. मीही त्याच ओढीने या कामात आले. पण वर्षानुवर्षं हे काम केल्यावर माझं मत पक्कं झालंय की हाडाच्या सर्जनची खरी परीक्षा हाडाभोवतीच्या मांसात असते. हाड मोडतं तेव्हा त्याच्या पोकळीतून जाणारा रक्तपुरवठाही तुटतो. पुढचे काही आठवडे त्या हाडाला जगवतात ते भोवतालचे स्नायू आणि त्यांच्यातून नव्याने फुटणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या. आपण चीर देऊन आत शिरतो ते नेमके त्यांच्यातूनच. प्लेट आणि स्क्रू टेकू देतात, जुळवायचं काम रक्त करतं. हे एकदा मनापासून पटलं की पुढचे बरेच निर्णय आपोआप बदलतात, म्हणून सुरुवातीलाच सांगितलं.

गाडीची धडक बसलेलं कुत्रं किंवा उंचावरून पडलेलं मांजर टेबलावर येतं तेव्हा लोंबणारा पाय सगळ्यांचं लक्ष ओढून घेतो. त्या क्षणी छातीकडे बघायची सवय लावून घ्या. ज्या धडकेने मांडीचं हाड मोडलं, तिनेच फुफ्फुसांना मुका मार बसलेला असू शकतो, छातीत हवा साठलेली असू शकते, श्वासपटल फाटून यकृत किंवा आतडी वर सरकलेली असू शकतात. कमरेचं हाड मोडलं असेल तर मूत्राशय शाबूत आहे का, हे बघावंच लागतं. हृदयाला बसलेल्या धक्क्याने ठोक्यांची लय बिघडते, आणि ती कधी कधी अपघातानंतर दीड-दोन दिवसांत बिघडते. त्यामुळे पहिल्या तासाचा ईसीजी चांगला आला म्हणून निर्धास्त होऊ नये. छातीचा एक्स-रे, पोटाची सोनोग्राफी, रक्ताची तपासणी हे सगळं पायाच्या एक्स-रेच्या आधी. बंद फ्रॅक्चर एक-दोन दिवस थांबलं तर काही बिघडत नाही. अस्थिर जनावराला घाईने भूल दिली तर मात्र जीव जाऊ शकतो.

थांबू शकत नाही ती वेदना. मेथाडोन, मॉर्फिन, फेंटानिल यांसारखं ओपिऑइड ताबडतोब द्यावं. सूज उतरवणारी एनएसएआयडी गटातली औषधं रक्तदाब आणि शरीरातलं पाणी सावरल्यावरच. मांजराला पॅरासिटामॉल कधीच नाही. त्याच्या शरीरात हे औषध निकामी करायची यंत्रणा अपुरी असते, रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायू वाहायचं सोडून देतं आणि छोटासा डोससुद्धा जिवावर बेततो. घरून कुणी प्रेमाने गोळी देऊन आणलंय का, हे प्रत्येक मांजराच्या मालकाला विचारा.

उघडं फ्रॅक्चर असेल, म्हणजे जखमेतून हाडापर्यंत वाट झाली असेल, तर घड्याळ वेगळं चालतं. प्रतिजैविक जितक्या लवकर शिरेतून जाईल तितकं चांगलं. सेफाझोलिन 22 मिग्रॅ प्रति किलो हा माझा नेहमीचा डोस. जखम निर्जंतुक कापडाने झाकून ठेवा आणि भूल दिल्याशिवाय तिच्यात बोटं घालू नका. मग भरपूर सलाईनने धुणं, मेलेलं मांस कापून काढणं आणि शंका असेल तेवढी ऊती पुढच्या ड्रेसिंगपर्यंत राहू देणं. गस्टिलो-अँडरसन वर्गीकरणात 1 सेंमीपेक्षा लहान जखम पहिल्या प्रकारात येते. पण मांजराच्या नडगीवर 1 सेंमी म्हणजे केवढी मोठी जखम, हे डोळ्यांसमोर ठेवूनच तो आकडा वापरा.

आता एक तपासणी जरा सविस्तर सांगते, कारण ती नेहमी घाईत उरकली जाते. पायाच्या बोटाला चिमटा काढला की पाय आखडून घेतला जातो आणि केसपेपरवर ‘संवेदना आहे’ असं लिहिलं जातं. पाय आखडणं हा मज्जारज्जूच्या पातळीवरचा प्रतिक्षेप आहे; मेंदूपर्यंत काही पोचलं की नाही, हे त्यातून कळत नाही. ते कळतं जनावराच्या तोंडावरून: मान वळली का, कण्हलं का, चावायला आलं का, बाहुल्या रुंदावल्या का. दंडाच्या हाडाच्या फ्रॅक्चरमध्ये रेडियल नर्व्ह दुखावते. पुढचा पाय पंजा दुमडून लोंबत असेल तर मानेजवळची नसांची मुळंच उपटली गेली नाहीत ना, हे भूल देण्याआधी ठरवायला हवं. तसं झालं असेल तर हाड कितीही सुंदर जोडलं तरी तो पाय वापरात येत नाही. ओपिऑइड दिल्यावर ही तपासणी धूसर होते, म्हणून पहिल्या दोन मिनिटांत ती करून टाका आणि लिहून ठेवा.

शस्त्रक्रियेपर्यंतच्या आधारासाठी एकच नियम: मोडलेल्या जागेच्या वरचा आणि खालचा, दोन्ही सांधे बंद व्हायला हवेत. कोपराच्या आणि गुडघ्याच्या खाली रॉबर्ट जोन्स बँडेज उत्तम काम करतं. कापसाचे जाड थर आणि त्यांवर घट्ट दाब. मांडी आणि दंड यांना मात्र ते बांधू नका. तिथे वरचा सांधा बँडेजमध्ये येतच नाही, बँडेजचा जड शेवट नेमका फ्रॅक्चरपाशी संपतो आणि पाऊल टाकलं की मोडलेली टोकं जास्तच हलतात, स्नायू फाडतात. अशा जनावराला लहान पिंजऱ्यात मऊ अंथरुणावर शांत ठेवणं हाच चांगला उपाय.

एक्स-रे नेहमी काटकोनातल्या दोन दिशांनी, वरच्या-खालच्या सांध्यांसकट. जमेल तेव्हा चांगल्या पायाचाही घ्या. मूळ हाडाची लांबी आणि बाक तिथूनच कळतो, आणि प्लेट आधीच वाकवून ठेवायची तर मोजमाप त्याच पायाचं लागतं. मोजपट्टी किंवा ठरावीक आकाराचा गोळा हाडाच्या उंचीवर ठेवा. नाहीतर एक्स-रेवरचं मोठं दिसणारं हाड तुम्हाला चुकीच्या मापाचा स्क्रू निवडायला लावेल. मुख्य भेगेपासून निघणाऱ्या केसाएवढ्या बारीक चिरा शोधा. मांजराच्या पातळ हाडात त्या खूप असतात, आणि पिन घालताना त्याच उलगडतात.

फ्रॅक्चर मुळात झालं कसं, याचा मेळ बसतो का तेही बघा. वयस्क, मोठ्या जातीचं कुत्रं नुसतं पायरी उतरताना पाय मोडून बसलं, तर गाठीचा विचार पहिला. हाडाचा कर्करोग कोपरापासून लांब आणि गुडघ्याच्या जवळ होतो, असं आम्ही लक्षात ठेवतो: दंडाच्या हाडाचं वरचं टोक, रेडियसचं, म्हणजे कोपराखालच्या दोन हाडांपैकी एकाचं, खालचं टोक, मांडीच्या हाडाचं खालचं आणि नडगीचं वरचं. अशा जागी हाड कुरतडल्यासारखं दिसत असेल तर प्लेट बाजूला ठेवून मालकाशी वेगळं बोलणं करावं लागतं. दुसरीकडे, फक्त मांसावर वाढवलेल्या पिल्लाची हाडं एक्स-रेवर जवळजवळ मांसाइतकीच फिकी दिसतात, कवच कागदासारखं पातळ असतं. तिथे स्क्रूला पकडच मिळत नाही. कॅल्शियम-फॉस्फरसचं प्रमाण बरोबर असलेला आहार आणि पिंजऱ्यातली विश्रांती यानेच ती हाडं भरून येतात.

यानंतर कागद-पेन्सिल घ्या. मी अजूनही प्रत्येक हाड कागदावर काढते, तुकडे रंगवते, स्क्रू कुठे येईल ते खुणावते. मोडलेल्या हाडावर वाकवणारं, पिळणारं, दाबणारं आणि घसरवणारं बल येतं. यातलं कुठलं बल कोण पेलणार, हे आधी लिहून काढलं की साधनाची निवड सोपी होते. पोकळीतली पिन वाकणं उत्तम रोखते, कारण ती हाडाच्या मध्यरेषेत असते. पण पीळ आणि आखडणं ती रोखू शकत नाही. म्हणून एकटी पिन घालून मोकळं होणं मला क्वचितच पटतं. एकटी घातलीच तर ती पोकळीच्या साधारण 60 ते 70 टक्के जाडीची लागते; प्लेटच्या जोडीला घालायची तर 35 ते 40 टक्के पुरते, म्हणजे स्क्रूंना बाजूने जायला जागा राहते. सर्क्लाज तार, म्हणजे हाडाभोवती गुंडाळून आवळायची तार, फक्त लांब तिरक्या फ्रॅक्चरला, जिथे भेगेची लांबी हाडाच्या जाडीच्या किमान दुप्पट आहे. तीही एक नाही, किमान दोन, आणि हाडाचा पूर्ण गोल जुळलेला असेल तरच. सैल तार ही तार न घालण्यापेक्षा वाईट, कारण ती हलत राहते आणि खालच्या आवरणाचा रक्तपुरवठा खरवडून काढते.

या सगळ्याच्या मुळाशी एक कल्पना आहे आणि ती समजायला वेळ द्या. स्टीफन पेरेन यांनी मांडलेला स्ट्रेनचा सिद्धांत. दोन तुकड्यांतल्या फटीची मूळ रुंदी आणि हालचालीने तिच्यात पडणारा फरक, यांचं प्रमाण म्हणजे स्ट्रेन. जखमेतली सुरुवातीची कोवळी ऊती 100 टक्क्यांपर्यंतचा स्ट्रेन सोसते, कूर्चा साधारण 10 टक्के, आणि हाड जेमतेम 2 टक्के. समजा साधं आडवं फ्रॅक्चर आहे, फट 1 मिमी, आणि चालताना अर्ध्या मिमीची हालचाल होते. स्ट्रेन झाला 50 टक्के. तिथे हाड तयार होऊच शकत नाही. आता हाडाचा मधला भाग चुरा झालाय, एकूण अंतर 10 मिमी, हालचाल तेवढीच. ती अनेक फटींत वाटली जाते आणि स्ट्रेन 5 टक्क्यांवर येतो. तिथे कूर्चा टिकते, तिच्यामुळे जागा आणखी घट्ट होते आणि मग हाड येतं.

म्हणजे एक्स-रेवर सोपं दिसणारं आडवं फ्रॅक्चर यंत्रशास्त्राच्या दृष्टीने जास्त कडक मागणी करतं: टोकं अचूक जुळलेली, एकमेकांवर दाबलेली आणि जराही न हलणारी. आणि छाती दडपून टाकणारा तो चुरा? त्याला हात न लावता वरच्या आणि खालच्या धडधाकट हाडात लांब प्लेट पुलासारखी टाकली, लांबी आणि फिरकी बरोबर राखली, की तो छान भरून येतो. नवीन सर्जन उलट करतात. आडव्या फ्रॅक्चरला पिनवर भागवतात आणि चुऱ्यातला एकेक तुकडा वेचून जागेवर बसवायला जातात. त्या वेचण्यात प्रत्येक तुकडा आपल्या मांसापासून सुटतो आणि निर्जीव होतो.

हा विचार सगळ्या क्षेत्रालाच हळूहळू उमगला. 1958 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये एओ हा फ्रॅक्चर जोडण्याचा अभ्यास करणाऱ्या सर्जनांचा गट स्थापन झाला तेव्हा भर होता तो तुकडे जसेच्या तसे जुळवण्यावर आणि घट्ट बांधण्यावर. रक्तपुरवठा जपणं आणि लवकर चालवणं ही तत्त्वं तेव्हाही होती, पण हात जास्त वळायचे ते जुळवण्याकडे. पुढच्या काही दशकांत पारडं रक्तपुरवठ्याकडे झुकलं. हाडाला फारसं न दाबणाऱ्या, स्क्रूचं डोकं आपल्या भोकातच अडकवणाऱ्या लॉकिंग प्लेट्स आल्या, लहान चिरांतून प्लेट सरकवण्याची पद्धत आली. नवशिक्याने दोन्ही टोकं शिकावीत. सांध्यात गेलेलं फ्रॅक्चर आजही मिलिमीटरच्या अंशापर्यंत अचूकच जुळवावं लागतं. तिथे तडजोड केली की संधिवात ठरलेला.

हाडाहाडाचा स्वभाव वेगळा असतो. सगळ्यात जास्त वेळ मांडीच्या हाडावर घालवा, कारण ते वारंवार मोडतं आणि शस्त्रक्रियेशिवाय क्वचितच नीट जुळतं. चीर मांडीच्या बाहेरच्या बाजूने. कातडी आणि चरबी बाजूला झाली की फॅशिया लाटाचा चकचकीत पडदा दिसतो. बायसेप्स फिमोरिस स्नायूच्या पुढच्या काठाला लागून तो उघडायचा. जागा बरोबर साधली तर बायसेप्स मागे आणि व्हास्टस लॅटरॅलिस पुढे असे दोन स्नायू बोटाने अलग होतात, रक्त जवळजवळ येत नाही. स्नायूचे लाल धागे कापले जायला लागले आणि टिपायला गॉज पुरेना, तर तुम्ही रेघ चुकला आहात. थांबा, मागे या, पुन्हा शोधा. हाडाच्या मागच्या बाजूला ॲडक्टर स्नायू चिकटलेला असतो, तो सोडवू नका. तिथूनच रक्त येतं, आणि हाड फिरलंय का हे ओळखायची खूणही तीच. सायॅटिक नर्व्ह बायसेप्सच्या आत, मागे असते. रिट्रॅक्टर, म्हणजे स्नायू बाजूला धरायचं साधन, ओढणाऱ्या सहायकाला ती एकदा दाखवून ठेवा. पिन वर बाहेर काढायची वेळ आली तर खुबा सरळ ताणून आणि पाय आतल्या बाजूला घेऊन काढा, म्हणजे टोक त्या नसेपासून दूर जातं.

नडगीच्या आतल्या बाजूला हाड थेट कातडीखालीच असतं. पोचणं सोपं, पण झाकायला मांस नाही, म्हणून टाके ताणाखाली येणार नाहीत याची काळजी. नडगीत पिन नेहमी वरून खाली, गुडघ्याखालच्या आतल्या कडेने घालायची. फ्रॅक्चरमधून वर ढकलली तर ती गुडघ्याच्या सांध्यात निघते. दंडाच्या हाडात रेडियल नर्व्ह खालच्या भागात बाहेरून आडवी जाते, ती दिसेपर्यंत चिमटा लावायचा नाही. मांजरात आणखी एक: कोपराच्या वर आतल्या बाजूला हाडातच एक भोक असतं आणि त्यातून मीडियन नर्व्ह आणि ब्रॅकियल धमनी जातात. कुत्र्यात हे नसतं. फक्त कुत्र्याच्या आकृत्या पाठ करून मांजराच्या दंडावर चीर देऊ नका.

आणि मग टॉय जातींचं रेडियस-अल्ना. चिमुकलं कुत्रं कुणाच्या तरी हातातून किंवा सोफ्यावरून उडी मारतं आणि पुढच्या पायाची दोन्ही हाडं मनगटाच्या जरा वर मोडतात. हाड एवढंसं, जखम नाही, कुत्रं हलकं. प्लास्टर घालावं असा मोह प्रत्येकाला होतो. पण या जातींत रेडियसच्या खालच्या भागाचा रक्तपुरवठा मोठ्या कुत्र्यांपेक्षा विरळ असतो, वर मांस जवळजवळ नसतं आणि त्या इवल्याशा जागेत थोडीही हालचाल स्ट्रेन प्रचंड वाढवते. प्लास्टरमध्ये हे फ्रॅक्चर न जुळण्याचं किंवा वाकडं जुळण्याचं प्रमाण फार आहे. त्याला प्लेटच हवी, 1.5 किंवा 2.0 मिमीच्या स्क्रूंची. रेडियसमध्ये पिन मात्र कुठल्याच कुत्र्याला नको. मनगटाचा सांधा खराब केल्याशिवाय ती आत शिरतच नाही.

स्क्रूच्या मापाचं गणित तोंडपाठ असू द्या. 3.5 मिमी स्क्रूला 2.5 मिमीचं भोक, 2.7 ला 2.0, 2.4 ला 1.8, 2.0 ला 1.5. स्क्रूची जाडी हाडाच्या जाडीच्या 40 टक्क्यांच्या पुढे कधीच नाही. मी एक तृतीयांशाच्या आतच राहते. भोक पाडणं हे हाताने आणि कानाने शिकायचं काम आहे. ड्रिल पहिल्या कवचात असताना आवाज भरीव येतो. पोकळीत शिरलं की प्रतिकार एकदम नाहीसा होतो आणि हात पुढे झेपावू पाहतो, तिथेच मनगट आवरायचं. पलीकडचं कवच लागलं की पुन्हा तोच भरीवपणा, आणि बाहेर पडायच्या आधी आवाज किंचित चढतो. त्या चढलेल्या आवाजाला दाब कमी करायचा, म्हणजे पलीकडच्या मांसात टोक घुसत नाही. सहायकाने सलाईनची धार सतत टोकावर धरलेली हवी, कारण 47 अंश सेल्सियसला मिनिटभर तापलं तरी हाड मरू लागतं. ड्रिलच्या खाचांत येणारा चुरा पांढरा, ओलसर असावा. तपकिरी दिसला की ड्रिल बोथट झालंय, बदला. जळलेल्या भोकातला स्क्रू त्या दिवशी घट्ट वाटतो आणि काही आठवड्यांनी सैल होतो.

पिल्लं हा स्वतंत्र विषय आहे. वाढत्या हाडाच्या टोकाशी कूर्चेची पट्टी असते आणि तीच सगळ्यात कमजोर जागा. या पट्टीच्या फ्रॅक्चरचे सॉल्टर आणि हॅरिस यांनी 1963 मध्ये केलेले पाच प्रकार आपणही वापरतो. मांडीच्या हाडाचं गुडघ्याकडचं टोक पट्टीतून निसटून मागे सरकणं पिल्लांत फार दिसतं. ते लवकर, शक्यतो पहिल्या दोन-तीन दिवसांत जागेवर आणा. पिल्लाचं शरीर इतक्या झपाट्याने कॅलस, म्हणजे मोडलेल्या जागेभोवती येणारी नव्या हाडाची गाठ, तयार करतं की आठवड्याने तीच शस्त्रक्रिया दुप्पट अवघड होते. गुळगुळीत, बारीक पिना तिरक्या घालायच्या, पट्टीत आटे असलेला स्क्रू आडवा नेऊन वाढ अडवायची नाही. पाचवा प्रकार, म्हणजे पट्टी चेंगरणं, पहिल्या एक्स-रेवर दिसतच नाही. कुत्र्याच्या अल्नाची खालची पट्टी शंकूच्या आकाराची असल्याने ती बाजूचा धक्का बसूनही चेंगरते. मग अल्ना वाढायची थांबते, रेडियस वाढत राहते आणि पाय धनुष्यासारखा वाकतो. पुढच्या पायाला मार बसलेल्या प्रत्येक पिल्लाला दोन-तीन आठवड्यांनी दोन्ही पायांचे एक्स-रे काढायला बोलवा, लंगडत नसलं तरी.

शस्त्रक्रिया संपल्यावर टेबलावरच दोन दिशांचे एक्स-रे घ्या आणि चार गोष्टी याच क्रमाने बघा: हाडाची रेषा, टोकांची जुळणी, धातूची जागा आणि, पुढच्या भेटींत, हाडाची सक्रियता म्हणजे नवं हाड येतंय का. एखादा स्क्रू सांध्यात शिरलेला दिसला तर भूल चालू आहे तोवरच तो बदला.

पुढचे आठवडे मालकाच्या हातात असतात, आणि इथे मी जितका वेळ देते तितका बऱ्याच जणांना जास्त वाटतो. प्लेट लावलेलं कुत्रं काही दिवसांत पाय टेकवू लागतं. घरच्यांना वाटतं, बरं झालं. नेमक्या त्याच काळात हाड अजून काहीच वजन पेलत नसतं, सगळा भार धातूवर असतो, आणि धातू वारंवार वाकून थकतो. म्हणून पिंजरा किंवा छोटी खोली, पट्टा लावूनच बाहेर, जिना बंद, उड्या बंद, गळ्यात कॉलर. मी हे तोंडी सांगते, लिहून देते आणि एक वाक्य अधोरेखित करते: काल टेकवत असलेला पाय आज उचलला तर त्याच दिवशी फोन करा. पिना किंवा कातडीबाहेरून हाड धरणाऱ्या फिक्सेटरवर तीन महिन्यांच्या आतलं पिल्लू दोन-तीन आठवड्यांत जुळतं, एक वर्षाच्या वरच्या कुत्र्याला सात ते बारा आठवडे लागतात. कडक प्लेटखाली कॅलस कमी येतो, त्यामुळे मोठ्या कुत्र्यात पूर्ण जुळणी एक्स-रेवर दिसायला पाच महिने ते वर्षही जाऊ शकतं. हे आधी सांगितलं नाही तर दोन महिन्यांच्या एक्स-रेवरची भेग बघून मालकाचा धीर सुटतो.

पिल्लांच्या बाबतीत विश्रांतीचा सल्ला जपून द्या. मांडीच्या हाडाचं फ्रॅक्चर, त्यात पाय ताणलेल्या अवस्थेत बांधून ठेवलेला, किंवा दुखतोय म्हणून पिल्लू तो वापरतच नाही: अशा वेळी मांडीच्या पुढचा क्वाड्रिसेप्स स्नायू हाडाला चिकटतो, आखडतो आणि गुडघा काठीसारखा ताठ होतो. एकदा पक्का झालेला हा ताठरपणा सोडवणं जवळपास अशक्य असतं. हाड छान जुळलेलं असूनही पाय निकामी. म्हणून भक्कम बांधणी, पुरेसं वेदनाशमन आणि दुसऱ्या दिवसापासून दिवसातून तीन-चार वेळा गुडघा हलक्या हाताने दुमडणं-उलगडणं. हे मालकाला स्वतःच्या हाताने करायला लावा, तुमच्यासमोर, आणि चार-पाच दिवसांनी पुन्हा तपासा. गुडघा जरा जरी कमी दुमडत असेल तर फोनवर वाट बघायला सांगू नका.

शिकायचं कसं? आधी मऊ ऊतींच्या शस्त्रक्रियांत हात बसू द्या. रक्तस्राव आवरणं, स्नायू न चिरडता बाजूला धरणं, थर ओळखून बंद करणं हे ज्याला येतं त्याला हाड लवकर येतं. मग प्लॅस्टिकच्या हाडांवर प्लेट वाकवणं, भोकं पाडणं, टॅप करणं, म्हणजे भोकात स्क्रूसाठी आटे पाडणं. ती हाडं ड्रिलची सवय लावतात. मांसातून वाट कशी काढायची ते शिकवत नाहीत. त्यासाठी मालकाच्या लेखी संमतीने मिळालेल्या मृत जनावरांच्या पायांवर प्रत्येक हाडाची वाट पुन्हा पुन्हा उघडा, प्लेट न लावता नुसती उघडा आणि शिवा. एओव्हेटचे, म्हणजे एओच्या पशुवैद्यकीय शाखेचे, अभ्यासक्रम जमतील तेव्हा जरूर करा, पण त्यानंतर अनुभवी सर्जनच्या शेजारी रिट्रॅक्टर धरून उभं राहण्याला पर्याय नाही. रिट्रॅक्टर धरणाऱ्याला सगळ्यात चांगलं दिसतं. त्या जागेला कमी लेखू नका.

स्वतःच्या केसेसची वही ठेवा आणि तिच्यात शस्त्रक्रियेच्या दिवशीचा एक्स-रे जितका महत्त्वाचा, तितकाच शेवटच्या भेटीचा. आठ आठवड्यांनी कुत्रं कसं चालतं याचा छोटा व्हिडिओ काढून ठेवा. कितीतरी देखणे एक्स-रे लंगडतात आणि काही साधे एक्स-रे छान पळतात.

सुरुवातीला स्वतः घ्यायची केस म्हणजे तरुण, निरोगी जनावर, बंद फ्रॅक्चर, हाडाचा मधला भाग, दोन्ही बाजूंना स्क्रूंना भरपूर जागा. टॉय जातींचं रेडियस, सांध्यात गेलेली फ्रॅक्चर, दंडाच्या खालच्या टोकाची वाय किंवा टी आकाराची, खुब्याच्या वाटीची, आधीची शस्त्रक्रिया फसलेली: ही पुढे पाठवा. पाठवतानाही काम बाकी असतं. वेदनाशमन चालू ठेवा, छातीचे आणि पायाचे दोन्ही दिशांचे एक्स-रे मूळ स्वरूपात द्या, कुठलं औषध किती वाजता दिलं आणि नसांच्या तपासणीत काय दिसलं ते वेळेसकट लिहा. मालकाला प्रवासात पाय कसा धरायचा ते दाखवा, आणि समोरच्या सर्जनला विचारून ठेवा की शस्त्रक्रियेच्या वेळी तुम्ही हजर राहिलात तर चालेल का. बहुतेक जण हो म्हणतात.